ऑपरेशननंतर गार पडलेला पेशंट: रिकव्हरीत नव्याने रुजू झालेल्यांसाठी

रिकव्हरीत (ऑपरेशननंतर पेशंटला शुद्धीवर येईपर्यंत ठेवतात त्या खोलीत) नवीन पोस्टिंग झालं की पहिले काही दिवस सगळं लक्ष श्वास, नाडी, बीपी, ऑक्सिजन आणि ड्रेनकडे (जखमेतलं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळीकडे) असतं. ते योग्यच आहे. पण तापमानाच्या रकान्यात थर्मामीटर न लावताच ९८.६ लिहिलेलं मी फार वेळा पाहिलं आहे, आणि दर वेळी मला त्या पेशंटबद्दल वाईट वाटतं. भुलीतून बाहेर येणाऱ्याचं अंग गार असणं ही रोजची गोष्ट. रोजची म्हणूनच ती नजरेतून सुटते.

हा लेख नव्या स्टाफ नर्स, इंटर्न आणि ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियन यांच्यासाठी आहे. कोणतं औषध, किती द्यायचं हे भूलतज्ज्ञ ठरवतील. तुमच्या हॉस्पिटलचा लेखी प्रोटोकॉल असेल तर तो आधी. पण मोजणं, अंग कोरडं करणं, ऊब देणं, पुन्हा मोजणं आणि घाईने वॉर्डात न पाठवणं हे आपल्याच हातात असतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. पांघरूण उष्णता धरून ठेवतं, देत नाही. थर्मासमध्ये गार पाणी ओतलं तर ते गारच राहतं, तसंच ३५ अंश सेल्सियसवर आलेल्या पेशंटवर दोन ब्लँकेटं टाकली तरी तो बराच वेळ ३५ वरच राहतो. आपण मात्र ‘पांघरूण घातलंय’ म्हणून निर्धास्त होतो.

१. पेशंट गार का पडतो

‘ओटीतल्या एसीमुळे’ असं सगळे म्हणतात. एसीचा वाटा आहेच, पण पहिला दोष भुलीचा. जागेपणी शरीर आतलं तापमान फार काटेकोरपणे सांभाळतं. ०.२ ते ०.४ अंशांचा फरक पडला तरी त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि तेवढ्याने भागलं नाही तर हुडहुडी भरते. जनरल भुलीत ही मुभा २ ते ४ अंशांपर्यंत वाढते. शरीर गार होत जातं आणि मेंदू त्याची दखलच घेत नाही.

शिवाय भुलीमुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि छाती-पोटातली उष्णता हातापायांकडे वाहते. पहिल्या तासात आतलं तापमान साधारण १ ते १.५ अंश सेल्सियसने उतरतं ते मुख्यतः या वाटपामुळे. त्यातली बरीचशी उष्णता तर अजून शरीराबाहेरही गेलेली नसते. पुढच्या दोन-तीन तासांत घसरण मंदावते. तेव्हा मात्र ओटीची गार हवा, उघडलेलं पोट, अंगावरून उडून जाणारं स्पिरिट, खोलीच्या तापमानाची सलाईन ही सगळी भर घालतात. नंतर तापमान एका पातळीवर स्थिरावतं.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्या. ऑपरेशन छोटं होतं म्हणून पेशंट गार पडला नसेल असं गृहीत धरू नका, कारण सर्वांत मोठी घसरण पहिल्याच तासात होते. दुसरं म्हणजे, भूल देण्याआधी हातपाय कोमट असतील तर ही घसरण कमी होते. म्हणून काही ठिकाणी पेशंटला ओटीत घेण्याआधीच गरम हवेचं ब्लँकेट (यंत्राने आत गरम हवा सोडलेलं) लावतात. तुमच्याकडे तशी सोय असेल तर ती वापरा. रिकव्हरीतलं निम्मं काम तिथेच वाचतं.

२. एवढं मनावर का घ्यायचं

‘थोडी थंडी वाजली तर काय झालं?’ असं कुणी विचारलं तर हे सांगा. १९९६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनच्या २०० पेशंटांचा अभ्यास छापून आला. एका गटाला ऊब दिली होती. त्यांचं तापमान ऑपरेशनच्या शेवटी सरासरी ३६.६ होतं, तर दुसऱ्या गटाचं ३४.७. जखमेत जंतुसंसर्ग झाला तो उबदार गटात ६ टक्क्यांना आणि गार गटात १९ टक्क्यांना. गार राहिलेल्यांचा हॉस्पिटलमधला मुक्कामही सरासरी अडीच दिवसांहून जास्त लांबला. पुढच्याच वर्षी हृदयाचा धोका असलेल्या ३०० पेशंटांवरचा अभ्यास आला. हृदयाच्या गंभीर तक्रारी ऊब मिळालेल्यांत १.४ टक्के, न मिळालेल्यांत ६.३ टक्के.

याची कारणं समजायला सोपी आहेत. त्वचेच्या वाहिन्या आवळल्या की जखमेला रक्त आणि ऑक्सिजन कमी पोचतो. प्लेटलेट्स नीट चिकटत नाहीत आणि गोठण्याची क्रिया मंदावते, म्हणून ड्रेनमध्ये रक्त जास्त येतं. औषधं शरीरातून हळू बाहेर पडतात. आतलं तापमान २ अंशांनी उतरलं तर स्नायू शिथिल करणाऱ्या व्हेक्युरोनियमचा असर जवळपास दुप्पट वेळ टिकतो. श्वासाची ट्यूब काढलेला पण अर्धवट शिथिल असलेला गार पेशंट रिकव्हरीत श्वासाला कमी पडू शकतो. अशांच्या श्वासावर जास्त बारीक नजर हवी.

उलट बाजूही सांगते. २०२२ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या प्रोटेक्ट चाचणीत ५,०५६ पेशंट होते, बहुतेक चीनमधले. ऑपरेशनच्या दरम्यान ३७ अंशांजवळ ठेवलेले आणि ३५.५ जवळ ठेवलेले, यांच्यात हृदयाच्या इजेत किंवा मृत्यूत फरक आढळला नाही. तेव्हा प्रत्येकाला ३७ वर नेण्याचा हट्ट नको. पण ३४-३५ वर आलेल्याकडे काणाडोळा करायला या चाचणीचा आधार घेता येत नाही. तिच्यातला ‘गार’ गटही ३५.५ वर सांभाळलेला होता.

३. किती म्हणजे गार

आतलं तापमान ३६ अंश सेल्सियसच्या खाली गेलं की पेशंट गार समजायचा. आपल्याकडे चार्ट बहुधा फॅरनहाइटमध्ये असतो आणि मशीन सेल्सियस दाखवतं. तिथे घोळ होतो. हे आकडे चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवा:

- ३६.५ सेल्सियस म्हणजे ९७.७ फॅरनहाइट
- ३६ म्हणजे ९६.८
- ३५ म्हणजे ९५
- ३४ म्हणजे ९३.२
- ३२ म्हणजे ८९.६

९६ फॅरनहाइट पाहून ‘ताप नाही’ असं म्हणून पुढे जाणं ही अगदी सर्रास होणारी चूक आहे. रिकव्हरीत ९६ म्हणजे गार पेशंट.

४. काय काय जवळ असायला हवं

साधनं: कानाचं किंवा तोंडाचं विश्वासार्ह थर्मामीटर, गरम हवेचं यंत्र आणि त्याची ब्लँकेटं (पूर्ण अंगाचं, वरच्या अर्ध्या अंगाचं, लहान मुलांचं), सलाईन-रक्त गरम करणारा वॉर्मर, कोरड्या चादरी, सुती ब्लँकेट, टोपी, मोजे. ऑक्सिजन, सक्शन आणि मॉनिटर तर हवेतच.

कागद: भूलतज्ज्ञांची नोंद, ओटीची हँडओव्हर नोट, रिकव्हरी चार्ट, इनटेक-आउटपुटचा कागद, औषधांची लेखी ऑर्डर आणि वॉर्डात पाठवण्याची चिठ्ठी. रिकव्हरी चार्टवर तापमानाचा रकाना नसेल तर तो हाताने आखून घ्या आणि इंचार्ज सिस्टरना सांगून पुढच्या छपाईत घालून घ्या. रकाना असला की मोजलं जातं.

थर्मामीटरबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

काचेचं पाऱ्याचं थर्मामीटर अजून बऱ्याच ट्रेमध्ये सापडतं. त्यावरचे आकडे ९४-९५ फॅरनहाइटच्या आसपास सुरू होतात. त्याहून गार पेशंट त्याला दाखवताच येत नाही. शिवाय पारा झटकून खाली आणला नसेल तर तो आपोआप उतरत नाही, आधीच्या पेशंटचाच आकडा दिसत राहतो. गार पेशंटसाठी ते वापरू नका.

कपाळावर धरायची गन कोविडनंतर सगळीकडे आली. घाम, आवळलेल्या रक्तवाहिन्या, एसीचा झोत यांमुळे भुलीतून येणाऱ्या पेशंटमध्ये ती फसवते. तिच्यावर निर्णय घेऊ नका. कानाचं थर्मामीटर वापरताना मोठ्या माणसाचा कान वर आणि मागे ओढा, टोक पडद्याच्या दिशेने जाऊ द्या. मळ असेल किंवा पेशंट त्याच कुशीवर झोपलेला असेल तर दुसरा कान घ्या. काखेतला आकडा आतल्या तापमानापेक्षा साधारण अर्धा अंश सेल्सियस कमी येतो. काखेतच मोजायची वेळ आली तर घाम पुसा, दंड अंगाला चिकटवून धरा, सलाईन लावलेला हात टाळा. मनाने अर्धा अंश वाढवून लिहू नका. जो आला तो आकडा लिहा आणि पुढे ‘काखेत’ असं लिहा. मोजण्याची जागा मात्र शेवटपर्यंत एकच ठेवा, नाहीतर चढ-उताराला अर्थ राहत नाही.

५. पेशंट येण्याआधी

रिकव्हरीच्या त्या बेडवर एसीचा झोत सरळ येत असेल तर पट्टी फिरवा. पंखा बंद. कोरडी चादर घाला, कोमट केलेली मिळाली तर उत्तम. यंत्राची नळी आणि ब्लँकेट बेडजवळ आणून ठेवा. ओटीतून फोन आला की दोनच गोष्टी विचारा: शेवटचं तापमान किती होतं, आणि किती लिटर धुतलं किंवा चढवलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा पहिल्याचा अंदाज देऊन जातं. खोलीच्या तापमानाची एक लिटर सलाईन मोठ्या माणसाचं तापमान साधारण पाव अंशाने उतरवते. फ्रीजमधून काढलेली रक्ताची एक पिशवीही तेवढंच करते.

६. पहिली पाच मिनिटं

श्वास, ऑक्सिजन, नाडी, बीपी आधी. यात बदल नाही. लगेच तापमान मोजा आणि वेळ लिहा. त्यानंतर पेशंटच्या पाठीखाली हात घाला. हे कुणी शिकवत नाही, पण फार उपयोगी पडतं. वरून चादर कोरडी दिसते आणि खाली कमरेपासून मांडीपर्यंत बेटाडिन, सलाईन, कधी रक्त यांनी ड्रॉ शीट (कमरेखाली घातलेली आडवी चादर) चिंब असते. तिच्यावर पेशंट पडून राहिला तर वरून कितीही ऊब द्या, खालून ती निसटत राहते. मामांना किंवा मावशींना हाताशी घ्या, पेशंटला अलगद कुशीवर वळवा, ओलं काढा, अंग टिपून कोरडं करा. चोळायचं नाही, टिपायचं. वळवताना ड्रेन, कॅथेटर आणि सलाईनची नळी एकाने धरलेली असावी, आणि सगळं अंग एकदम उघडं पडू देऊ नका.

गार बोटांवर पल्स ऑक्सिमीटर सिग्नल पकडत नाही. ऑक्सिजन ८५ दाखवतोय म्हणून घाबरण्याआधी पेशंटचा श्वास आणि ओठांचा रंग पाहा, प्रोब कानाच्या पाळीला लावून बघा. पण ‘बोटं गार आहेत म्हणून कमी दाखवतंय’ असं ठरवून सोडूनही देऊ नका. खात्री होईपर्यंत तो आकडा खराच धरा.

७. ऊब द्यायची कशी

३६ किंवा वर आणि पेशंट आरामात असेल: कोरडी चादर, एक सुती ब्लँकेट, टोपी, मोजे. एका थराने बाहेर जाणारी उष्णता साधारण ३० टक्के कमी होते. दुसऱ्या-तिसऱ्या थराने फारसा फरक पडत नाही. पांघरुणांची चवड रचण्यापेक्षा खांदे आणि पाय उघडे राहिले नाहीत ना ते पाहा.

३६ च्या खाली: गरम हवेचं ब्लँकेट. बऱ्याच हॉस्पिटलांत कंपनी कुठलीही असली तरी त्याला बेअर हगरच म्हणतात. ते असं लावा:

यंत्र बेडच्या कठड्याला किंवा सलाईन स्टँडला अडकवा. जमिनीवर ठेवलं तर ते तिथली धूळ ओढतं. ब्लँकेटची बारीक छिद्रांची बाजू पेशंटच्या अंगाकडे, आणि मध्ये जाड चादर नको, कारण हवा त्वचेपर्यंत पोचली पाहिजे. नळी ब्लँकेटच्या तोंडात पक्की बसवा, क्लिप लावा, आणि मगच यंत्र सुरू करा. नळी पेशंटच्या पायाला किंवा हाताला टेकत नाही ना ते पाहा. ब्लँकेट फुगल्यावर त्यावर एक हलकी चादर टाका म्हणजे ते सरकणार नाही. चेहरा उघडा आणि छातीची हालचाल दिसती राहू द्या. बहुतेक यंत्रांवर ३२, ३८ आणि ४३ च्या आसपासच्या पायऱ्या असतात. कुठली लावायची ते प्रोटोकॉल आणि भूलतज्ज्ञ सांगतील. अशक्त, वयस्क किंवा पायांत रक्तपुरवठा कमी असलेल्या पेशंटमध्ये सर्वांत वरची पायरी विचारल्याशिवाय लावू नका.

दर १५ मिनिटांनी तापमान, आणि त्याच वेळी ब्लँकेट उचलून त्वचा पाहा. ३५ वरून ३६ वर यायला तास किंवा जास्तही लागू शकतो, कारण जागं होताना आवळलेल्या रक्तवाहिन्या बाहेरची ऊब आत जाऊ देत नाहीत. धीर धरा. ३६.५ च्या आसपास आलं आणि पेशंटला बरं वाटू लागलं की बंद करा, नाहीतर घाम फुटतो आणि तो पुन्हा गार होतो. ब्लँकेट एका पेशंटचं दुसऱ्याला वापरू नका.

ऊब मिळताना रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी उतरू शकतं. ज्याच्या शरीरात पाणी-रक्त आधीच कमी आहे त्याचं जास्त उतरतं. गार असताना ११० दिसणारं बीपी तासाभराने ८५ झालं तर ‘ऊब दिल्यामुळे’ म्हणून गप्प बसू नका. ड्रेन, ड्रेसिंग आणि लघवी पाहून लगेच कळवा.

८. सलाईन आणि रक्त

५०० मिली किंवा जास्त भरभर द्यायचं असेल तर ३७ अंशांपर्यंत गरम करून द्यावं, असं ब्रिटनच्या नाइस संस्थेची मार्गदर्शिका सांगते, आणि ते पटण्यासारखं आहे. तासाला ८० मिलीने थेंब थेंब जाणारी सलाईन गरम करण्यात मात्र अर्थ नाही. लांब नळीतून पेशंटपर्यंत पोचेपर्यंत ती खोलीच्या तापमानाला आलेली असते. आणि कोमट सलाईन फक्त पुढची घसरण थांबवते. गार झालेल्याला तेवढ्याने वर आणता येत नाही.

रक्त गरम करायचं ते रक्ताच्या वॉर्मरमधूनच. गरम पाण्याच्या बादलीत, टेबल लॅम्पखाली किंवा पेशंटच्या कुशीत ठेवलेली पिशवी कुठे किती तापली ते कळत नाही, आणि जास्त तापलं तर रक्तपेशी फुटतात. सलाईनची बाटली मायक्रोवेव्हमध्ये टाकू नका. ती एकसारखी तापत नाही.

९. हुडहुडी भरली तर

दात वाजतायत, ट्रॉली हलतेय, मॉनिटरवरच्या रेषा वेड्यावाकड्या. पहिल्यांदा पाहणारा घाबरतोच. ईसीजीच्या त्या रेषा गंभीर वाटू शकतात, म्हणून मनगटावर बोटं ठेवून नाडी हाताने मोजा. ऑक्सिजन लावा. कुडकुडताना शरीराची ऑक्सिजनची गरज दुप्पट-तिप्पट होते. तरुणाला ते झेपतं, हृदयरोग असलेल्या काकांना झेपेलच असं नाही.

मग तापमान. कमी असेल तर ऊब द्या आणि भूलतज्ज्ञांना कळवा. ते पेथिडिन किंवा ट्रॅमाडॉलची ऑर्डर देतील. पेथिडिननंतर श्वासाची गती आणि गुंगी पाहा. ट्रॅमाडॉलने उलटी होऊ शकते, आणि पेशंटला फिट्सचा त्रास असेल तर ते द्यायच्या आधीच सांगा. तापमान नॉर्मल असेल तर कारण दुसरं शोधा: वेदना, तुंबलेली लघवी, साखर कमी होणं, जंतुसंसर्ग. रक्त चालू असताना थंडी वाजून आली तर रक्त ताबडतोब बंद करा आणि कळवा.

इथे एक सापळा आहे. त्वचेला ऊब लागली की हुडहुडी थांबते, कारण थंडीचा अंदाज घेताना मेंदू त्वचेकडून आलेला निरोपही धरतो. आतलं तापमान तेव्हा ३५.२ च असू शकतं. कुडकुडणं थांबलं म्हणून ब्लँकेट काढू नका, थर्मामीटर लावा.

१०. ज्यांच्याकडे जास्त लक्ष हवं

स्पायनल (पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करणारी भूल) दिलेले पेशंट. स्पायनल दिलं म्हणजे पेशंट जागा आहे, बोलतोय, त्याला थंडी वाजली तर तो सांगेलच असं वाटतं. तो सांगत नाही. खुब्याच्या ऑपरेशनहून आलेल्या आजींना विचारावं, ‘आजी, थंडी वाजतेय का?’ तर त्या म्हणतात, ‘नाही गं बाई, बरं वाटतंय.’ आणि कानात थर्मामीटर दाखवतो ३४.९. कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैल, त्वचा उबदार, आणि थंडी सांगणाऱ्या नसा बधिर. मेंदूला सगळं ठीकच वाटतं. भूल उतरेपर्यंत पायांना कुडकुडताही येत नाही. म्हणून स्पायनलनंतर विचारून नाही, मोजूनच.

सीझर झालेल्या माता. बऱ्याच जणींना कुडकुडी भरते. बाळ आईच्या उघड्या छातीवर, दोघांवर मिळून पांघरूण, बाळाचं नाक-तोंड दिसतं. हे दोघांसाठीही चांगलं. घरच्या मंडळींना बाळंतिणीला शेक द्यायची घाई असते. आजी-मावशी प्रेमानेच म्हणतात. त्यांना शांतपणे सांगा, की पायांना अजून कळत नाहीये, भाजलं तरी ती सांगणार नाही, म्हणून आत्ता शेगडी नको, पिशवी नको. कारण सांगितलं की ऐकतात.

प्रोस्टेट आणि मुतखड्याची दुर्बिणीतून केलेली ऑपरेशनं. लिटरच्या लिटर द्रव आतून फिरवलेला असतो. तो कोमट नसेल तर पेशंट चांगलाच गार होतो. पण प्रोस्टेटनंतरचे काका असंबद्ध बोलू लागले, अस्वस्थ झाले, तर सगळं थंडीच्या माथी मारू नका. रक्तातलं सोडियम उतरलेलं असू शकतं. लगेच डॉक्टरांना बोलवा.

नवजात बाळं कुडकुडत नाहीत. गार पडलेलं बाळ सुस्त होतं, श्वास रोखतं, त्याची साखर उतरते. त्यांना ३६.५ ते ३७.५ मध्ये ठेवायचं. डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं, टोपी हवीच. रेडियंट वॉर्मरचा प्रोब पोटाच्या त्वचेला नीट चिकटलेला आहे ना ते पुन्हा पुन्हा पाहा. प्रोब सुटून हवेत लोंबकळला तर यंत्र बाळ गार आहे असं समजून तापवतच राहतं.

११. हे करू नका

या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हा भाग विसरू नका. गार पेशंटला आपण बरं करायला जातो आणि भाजून बसतो. ४४ अंशांची वस्तू सहा तास लागून राहिली तरी त्वचा भाजते. ६० अंशांना तर पाचेक सेकंद पुरतात. भुलीतला माणूस पाय ओढून घेत नाही.

- गरम पाण्याची रबरी पिशवी, गरम केलेली सलाईनची बाटली, गरम पाणी भरलेले हातमोजे: काखेत, पायाशी, कुठेच नाही.
- ब्लँकेट न लावता यंत्राची उघडी नळी पांघरुणाखाली सोडणं: कधीच नाही. ब्लँकेट संपलंय म्हणून केलेला हा जुगाड खोल भाजण्याचं कारण ठरतो.
- कॉइलचा हीटर ऑक्सिजन चालू असलेल्या बेडजवळ नको.
- रक्तपुरवठा खुंटलेल्या पायावर गरम हवा नको. टूर्निकेट (रक्त रोखणारा पट्टा) बांधलेलं असेल तर त्याखालच्या भागावरही नको.
- फेंटानिल किंवा नायट्रोग्लिसरीनचा पॅच असेल तर त्यावर थेट ऊब नको. औषध एकदम जास्त शोषलं जातं.

यंत्र नसलेल्या छोट्या रुग्णालयात काय करायचं? अंग कोरडं ठेवा, एसी-पंखा बंद करा, खोली उबदार करा, सुती ब्लँकेट अंगाभोवती नीट खोचा, डोक्याला टोपी घाला, आणि जास्त वेळ रिकव्हरीत ठेवा. घरची माकडटोपी आणि लोकरी मोजे स्वच्छ असतील तर जरूर घाला. वेळ लागेल, पण भाजणार नाही.

१२. लगेच बोलवायचं केव्हा

तापमान ३५ च्या खाली असेल तर भूलतज्ज्ञांना कळवाच. ३४ च्या खाली असेल तर बेडजवळून हलू नका, दुसऱ्याला फोन करायला सांगा. ३२ च्या आसपास कुडकुडणंही थांबतं आणि हृदय चिडखोर होतं, ठोके सहज बिघडतात. अशा पेशंटला धसमुसळेपणाने वळवू नका. नाडी अनियमित, जाग येत नाही, ड्रेन भरतोय, तासभर ऊब देऊनही आकडा हलत नाही, या सगळ्यांना कळवायलाच हवं.

आणि उलट टोक. तापमान झपाट्याने वर जातंय, नाडी फार जलद, जबडा किंवा अंग ताठर. ऊब देणं तत्काळ बंद करा आणि मोठ्याने हाक मारा. मॅलिग्नंट हायपरथर्मिया (भुलीच्या काही औषधांमुळे तापमान एकदम भडकणं) क्वचित होतो, पण तो जीवघेणा असतो.

१३. वॉर्डात पाठवताना

अल्ड्रेट स्कोअरमध्ये (पेशंट रिकव्हरीतून हलवण्याजोगा झाला का ते ठरवायच्या गुणांमध्ये) हालचाल, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध आणि ऑक्सिजन आहे. तापमान नाही. म्हणून दहापैकी दहा गुण मिळालेला पेशंटही ३५.३ वर असू शकतो. स्कोअर झाला, आता तापमान सांगा, असा स्वतःचाच क्रम लावून घ्या. ३६ च्या खाली असेल तर पाठवू नका. ओटीतून पुढचा पेशंट निघाला आहे, बेड हवा आहे, असा रेटा येईल. तेव्हा आकडा सांगा आणि भूलतज्ज्ञांना निर्णय घ्यायला सांगा. ‘अजून गार वाटतोय’ म्हटलं तर कुणी ऐकत नाही. ‘पस्तीस पॉइंट चार, वीस मिनिटांपूर्वी पस्तीस पॉइंट एक’ म्हटलं की ऐकतात.

बऱ्याच हॉस्पिटलांत वॉर्डाची वाट उघड्या व्हरांड्यातून जाते. पावसाळ्यात आणि थंडीत पेशंटला मानेपर्यंत नीट लपेटून न्या. वॉर्डातला पंखा आधीच बंद करायला सांगा. हँडओव्हरमध्ये शेवटचं तापमान, कुठे मोजलं, किती वाजता, आणि ऊब दिली असेल तर किती वेळ, हे सांगा. वॉर्डात दर चार तासांनी मोजायचं. पुन्हा ३६ च्या खाली गेलं तर ऊब पुन्हा सुरू करायची. स्पायनलच्या पेशंटच्या चिठ्ठीवर पायांची संवेदना कितपत परतली आहे तेही लिहा, आणि ‘गरम पिशवी देऊ नये’ हे मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे रात्री सोबतीला थांबणाऱ्या नातेवाइकालाही वाचता येईल.